तारखेला सैल, पुराव्याला कडक

७ ऑगस्ट २०२५, गुरुवार

पुढच्या बुधवारी शाळा उघडणार. आज बाकं लावून झाली, भिंतीवर जगाचा नकाशा चढला आणि दुपारी दरवर्षीचं ते काम काढलं: 'वर्गाच्या अपेक्षा आणि नियम' हा दोन पानी कागद. इथे कॅलिफोर्नियात मिडल स्कूलच्या बहुतेक शिक्षकांचा असा कागद असतो. पहिल्या आठवड्यात तो मुलांच्या दप्तरातून घरी जातो, आई-वडील सही करतात, तो परत येतो आणि फाइलला लागतो. पुढे कधी गुणांवरून वाद झाला तरच बाहेर निघतो.

कराडला आमच्या शाळेत असा कागद नव्हता. नियम मात्र भरपूर होते. वहीला खाकी कव्हर, पानाला समास, उत्तराखाली रेघ. 'कारणे द्या' असा प्रश्न आला आणि पुस्तकात पाच कारणं असली, तर पाचच लिहायची. सहावं लिहिणारा आगाऊ. बाईंना 'हे कशावरून?' असं विचारायची पद्धत नव्हती. विचारावं असं सुचायचंही नाही, कारण परीक्षेत त्याला गुण नव्हते.

इथे सातवीला जगाचा इतिहास असतो, तोही मध्ययुगापासून पुढचा. राज्यानं १९९८ साली ठरवलेल्या यादीत रोमचा शेवट, इस्लामी जग, चीन, घाना आणि माली, जपान, मध्ययुगीन युरोप, माया-अझ्टेक-इंका, मग प्रबोधनकाळ, धर्मसुधारणा, विज्ञानक्रांती असं सगळं आहे. भारताचं स्वतंत्र प्रकरण त्यात नाही. तो सहावीत प्राचीन काळाबरोबर येऊन जातो. २०१६ च्या आराखड्यात सातवीला इ. स. ३०० ते १२०० चा दक्षिण आशिया आला. गुप्तांपासून चोळांपर्यंतचा हा पल्ला आम्हाला थोडक्या दिवसांत गाठावा लागतो.

मागच्या वर्षीचा कागद समोर ठेवून सगळे नियम दोन ढिगांत लावून पाहिले. एका ढिगात वेळ आणि वागणूक: घंटा होताच जागेवर, क्रोमबुक चार्ज केलेलं, गृहपाठाची तारीख, बाथरूमला जायचा हॉल पास. दुसऱ्यात पुरावा: विधान केलं की आधार द्या, आधार कोणाचा ते सांगा, दोन साधनं जुळत नसतील तर तेही लिहा. पहिला ढीग दीड पानाचा निघाला, दुसरा पाच ओळींचा. इतिहासाच्या वर्गाला हे शोभत नाही. यंदा हे प्रमाण उलटं करायचं. तारखांच्या बाबतीत जितकं सैल राहता येईल तितकं राहायचं आणि पुराव्याच्या बाबतीत अजिबात नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

पहिला दिवस. कागद वाचून दाखवला नाही. प्रत्येक तासाला नवा शिक्षक तेच वाचत असतो, चौथ्या तासापर्यंत पोरं पेंगायला लागतात.

त्याऐवजी शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या सरांना आधीच सांगून ठेवलं होतं. मी हजेरी घेत असताना ते आले, माझ्याशी दोन वाक्यं बोलले, टेबलावरचं एक पुस्तक उचललं आणि गेले. मग मुलांना म्हटलं, आत्ता काय घडलं ते पाच ओळींत लिहा, शेजाऱ्याशी न बोलता.

तिसऱ्या तासाचे कागद फळ्यावर लावले. सर 'रागात होते', 'हसत होते', 'घाईत होते'. पुस्तक 'घेतलं', 'परत नेलं', आणि एका कागदावर 'चोरलं'. शर्टाचा रंग बहुतेकांनी निळा लिहिला, पण मागच्या एका बाकावरच्या दोघांनी हिरवा. म्हटलं, हिरवा म्हणणारे दोन साक्षीदार आहेत, मग विचार करायला हवा की नाही? वर्ग विचारात पडला. तेवढ्यात पुढून एक मुलगी म्हणाली, "ते दोघं एकमेकांचं बघून लिहीत होते." म्हणजे साक्षीदार किती? एकच. तोही चुकलेला.

पुढचा अर्धा तास त्यावरच गेला. कोणी लिहिलं, कुठे बसून लिहिलं, कधी लिहिलं, दुसरं कोणी तेच स्वतंत्रपणे सांगतं का? स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांसाठी जे धडे तयार केले त्यांचा गाभा हाच: कागद हातात आला की आधी खाली कोणाचं नाव आहे ते बघायचं, मग मजकूर. हे बारा वर्षांच्या मुलाला व्याख्या देऊन कळत नाही. हिरव्या शर्टावरून कळलं.

तास संपताना नियमांचा कागद वाटला. पहिलीच ओळ: 'या वर्गात "हे कशावरून?" हा प्रश्न कोणालाही विचारता येईल. शिक्षिकेलासुद्धा.'

१९ ऑगस्ट, मंगळवार

फोनचा नियम: वर्गात शिरताना बंद करून दप्तरात. यात माझं स्वतःचं काही डोकं नाही. २०२४ साली राज्यानं कायदा केला की १ जुलै २०२६ पर्यंत प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टनं फोनवर बंदी किंवा मर्यादा घालणारं धोरण करायचं. आमच्याकडे ते आधीच लागू झालं. पहिल्या दिवसांत जरा कुरकुर झाली, आता सवय होतेय.

एकच गंमत. आज एक पालक ऑफिसमध्ये तावातावानं विचारत होते की मुलीचा फोन बंद का. त्या तिला दर तासाला मेसेज करतात आणि उत्तर आलं नाही की काळजी वाटते. या नियमाची सवय मुलांपेक्षा पालकांनाच जड जाते.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

रोमचा शेवट. पुस्तकात ४७६ ठळक अक्षरात छापलंय. त्या वर्षी ओडोएकरनं रोम्युलस ऑगस्टुलस या पोरसवदा सम्राटाला गादीवरून उतरवलं. मुलांना म्हटलं, तुम्ही ४७६ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये राहता असं धरा. तिथे सम्राट आहे, करवसुली चालू आहे, लोक स्वतःला रोमनच म्हणवतात आणि १४५३ पर्यंत म्हणवणार आहेत. मग साम्राज्य पडलं ही बातमी तुम्हाला कोण देणार?

पाचव्या तासाला एकानं हात वर केला. "म्हणजे चाचणीत ४७६ लिहिलं तर चूक?" चूक नाही. पण कोणाच्या नजरेतून आणि कशावरून हे पुढे लिहिलंस तर गुण पूर्ण. आमच्या गुणांची पट्टी ० ते ४ आहे. नुसतं विधान केलं तर १. विधानाला एक आधार असेल तर २. दोन आधार आणि ते कोणाचे हे सांगितलं तर ३. दोन्ही आधार जुळतात की नाही आणि नसतील तर का, हे मांडलं तर ४. वर्षभर हीच पट्टी, विषय कोणताही असो. मुलांना सुरुवातीला ती भलतीच कंजूष वाटते.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले. आमचे दीड दिवसांचे. शाळेतून येऊन घाईत आरती, मागच्या अंगणात बादलीत विसर्जन आणि संध्याकाळी पुन्हा शाळा, कारण आज 'बॅक टू स्कूल नाइट'. या दिवशी पालक आपल्या मुलाचं वेळापत्रक हातात घेऊन वर्गावर्गांतून फिरतात. प्रत्येक वर्गात दहा मिनिटं, मग घंटा. त्या दहा मिनिटांत नियम, गुण, पुस्तक, ईमेलचा पत्ता सगळं सांगायचं.

आडनाव वाचून एक गृहस्थ थांबले.

"मॅडम, मूळच्या कुठल्या?"

"कराडच्या."

"अरे वा! आम्ही सांगलीचे." आणि लगेच मुद्द्यावर: "एक्स्ट्रा क्रेडिट किती असतं?"

"नसतं."

"मग पोरीनं मार्क वाढवायचे कसे?"

"रिटेक आहे. चाचणी पुन्हा देता येते."

"अहो, मग पहिल्यांदा अभ्यास कशाला करेल कोणी?"

प्रश्न बरोबर होता. सांगितलं, रिटेक फुकट नाही. आधीच्या चाचणीत काय चुकलं, बरोबर काय, ते कुठून कळलं, हे एका पानात लिहून आणायचं, मगच दुसरी चाचणी. बहुतेक मुलांना पहिल्याच वेळी नीट अभ्यास करणं त्यापेक्षा परवडतं. ते हसले, पण पटलं असं काही दिसलं नाही.

त्यांच्या मिसेसचा प्रश्न वेगळा. "मराठ्यांचा इतिहास कधी येतो?"

"सातवीत येत नाही."

"महाराजांचं नावसुद्धा नाही?"

नाही म्हणताना मलाच जड गेलं. आमच्या पुस्तकात मुघलांना दोनेक पानं आहेत, मराठ्यांना ओळही नाही. पण वसंतात एक शोधप्रकल्प असतो, विषय मुलं निवडतात. म्हटलं, तुमच्या मुलीला १६६४ ची सुरतेची स्वारी घेता येईल. सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांनी त्याच वेळी लिहिलेली पत्रं आहेत. दुसरीकडे कृष्णाजी अनंत सभासदाची बखर आहे, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीला १६९७ च्या सुमारास लिहिलेली, म्हणजे घटनेनंतर तीसेक वर्षांनी. इंग्रज स्वतःचा माल वाचवायला बसले होते आणि सभासद आपल्या धन्याच्या वडिलांबद्दल लिहीत होता. दोघांनाही एकच प्रश्न विचारायचे: कोण, कधी, कोणासाठी?

"बखरीवरही शंका घ्यायची?"

"आपल्याच राजवाड्यांनी घेतली होती." घंटा झाली. त्या जाताना मान हलवत गेल्या, पटून की न पटून, कळलं नाही.

घरी येताना तेच डोक्यात होतं. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. गावोगाव हिंडून दप्तरं धुंडाळणाऱ्या त्या माणसाचं म्हणणं होतं की बखरीपेक्षा त्या काळातलं अस्सल पत्र मोठं. मी कराडात शिकत होते तेव्हा आमच्या पुस्तकात राजवाडे 'इतिहासाचार्य' म्हणून रिकाम्या जागेत भरायला होते. त्यांनी जे केलं ते आम्हाला कधी करू दिलं नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळपासून फोनवर कराडच्या मैत्रिणींचे शिक्षक दिनाचे फुलं-पणत्यांचे फॉरवर्ड. इथे आज शिक्षकांच्या खोलीत शून्यावरून जुंपली होती.

वाद जुना आहे. गृहपाठ आलाच नाही तर शून्य द्यायचं की नाही? जो फेल्डमन यांचं 'ग्रेडिंग फॉर इक्विटी' हे पुस्तक २०१८ साली आलं, तेव्हापासून बऱ्याच शाळांनी शंभराच्या पट्टीवर शून्याऐवजी ५० हा तळ धरला. हिशेब असा: चार कामांत ९० आणि पाचव्यात शून्य, तर सरासरी ७२. तेच शून्याऐवजी ५० धरले तर ८२. नव्वदचं काम करणारी मुलगी एका विसरलेल्या कागदापायी 'सी'वर येते. हे तिच्या इतिहासाच्या ज्ञानाचं मोजमाप म्हणायचं का?

विज्ञानाच्या बाईंचं म्हणणं: न केलेल्या कामाला ५० देणं म्हणजे धादांत खोटं. पुरावा नाही तर गुणही नाही. हा शेवटचा मुद्दा माझ्याच वर्मावर बसला. पुराव्याचं मीच सांगत असते.

माझा तोडगा: न आलेल्या कामापुढे मी आकडाच लिहीत नाही, 'पुरावा नाही' असं लिहिते. काम ते प्रकरण संपेपर्यंत कधीही येऊ दे, पूर्ण गुण. प्रकरण संपलं की मात्र दार बंद. मुलाला दुपारच्या सुट्टीत बोलावून तोंडी विचारते आणि जे कळतं त्यावर गुण देते. मंगळवारचा गृहपाठ गुरुवारी आला म्हणून चीनच्या सुंग राजवटीतला कागदी पैसा कमी खरा होत नाही. उलट मंगळवारी वेळेत आलेल्या वहीत 'अरबांनी बारूद शोधली' असं छान अक्षरात लिहिलेलं असेल, तर वेळेचे गुण देऊन मी काय शिकवलं?

विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "तुझ्याकडे बत्तीसच्या पाच तुकड्या आहेत. सगळ्यांना तोंडी विचारत बसणार?" बसणार नाही हे दोघींना माहीत आहे. काही मुलांना विचारते, काहींचं राहून जातं. या पद्धतीची किंमत ही आहे आणि ती कागदावर लिहिलेली नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

इस्लामचं प्रकरण सुरू झालं आणि अपेक्षेप्रमाणे ईमेल आली. माझ्या मुलाला पाच स्तंभ का शिकवता, हा धर्मप्रचार नाही का, आणि ख्रिस्ती धर्माचं काय?

उत्तर तयार असतं, पण दर वेळी नव्यानं लिहिते, चिकटवत नाही. १९६३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 'ॲबिंग्टन विरुद्ध शेम्प' खटल्यात सरकारी शाळांतलं सक्तीचं बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं. त्याच निकालात हेही म्हटलं की धर्मांचा इतिहास तटस्थपणे शिकवायला हरकत नाही. धर्माबद्दल शिकवायचं, धर्म शिकवायचा नाही. ख्रिस्ती धर्म रोममध्ये येऊन गेला, मध्ययुगीन युरोपात येईल, ल्यूथरबरोबर परत येईल. आणि माझा स्वतःचा नियम: कोणत्याही धर्माची प्रार्थना वर्गात म्हणून घेणार नाही, लिहून घेणार नाही, वेशभूषा नाही, सोंग नाही. 'अमुक धर्म मानणारे असं मानतात', वाक्य याच चालीचं.

या राज्यात हा विषय किती पेटतो ते आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. २००५-०६ मध्ये सहावीच्या पुस्तकांत प्राचीन भारत आणि हिंदू धर्म कसा दाखवायचा यावरून संघटना, प्राध्यापक, वकील सगळे समोरासमोर आले. २०१६ च्या आराखड्याच्या वेळी 'इंडिया' म्हणायचं की 'साउथ एशिया' यावर पुन्हा तेच. तेव्हा इथल्या मराठी मंडळात भाजणीच्या चकल्यांबरोबर यावर तासन्‌तास चर्चा झाली. मुलं खाली बेसमेंटमध्ये व्हिडिओ गेम खेळत होती.

वर्गातला खरा पेच मात्र ईमेलमध्ये नव्हता. आज चौथ्या तासाला रमजानचा उल्लेख झाला आणि एकानं मागे वळून एका मुलाला म्हटलं, "तू सांग ना, तुमच्यात कसं असतं." त्यात वाईट हेतू अजिबात नव्हता. तो मुलगा म्हणाला, "मला नाही माहीत, माझ्या आजीला विचार." सगळे हसले, तोही. पण नंतर तासभर त्याचं डोकं वहीतच होतं. पुढे दक्षिण आशियाचं प्रकरण येईल तेव्हा हाच प्रश्न जातीबद्दल एखाद्या जोशी, कांबळे किंवा रेड्डी आडनावाच्या पोराला विचारला जाणार. चीनच्या धड्यात आणखी कोणाला.

कागदावर ओळ वाढवली: 'या वर्गात कोणीही आपल्या देशाचा, धर्माचा किंवा जातीचा वकील नाही. स्वतःहून सांगायचं असेल तर जरूर सांगा. विचारून सांगायला लावायचं नाही.' खाली कारण: एक माणूस म्हणजे एक साधन. कोट्यवधी लोकांबद्दलचं विधान एका बारा वर्षांच्या साक्षीवर उभं राहत नाही. उद्या पाचही तुकड्यांना वाचून दाखवायची.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पहिल्या तासाला एक मुलगा बाकावर डोकं ठेवून झोपतो. लिही म्हटलं की 'नाही' म्हणतो, आवाज न चढवता. पूर्वी अशा 'हुकूम न मानण्या'साठी शाळेतून काही दिवस बाहेर काढता यायचं. राज्यानं १ जुलै २०२० पासून सहावी ते आठवीला आणि १ जुलै २०२४ पासून नववी ते बारावीलाही ते बंद केलं. मला हे पटतं. घरी पाठवलेलं पोर घरी झोपतं, एवढाच फरक. मिडल स्कूल आठच्या आधी सुरू करायचं नाही असाही २०२२ पासून कायदा आहे. त्याचा या मुलाला काही उपयोग झालेला दिसत नाही.

काउन्सेलरकडे चौकशी केली. कारण आहे, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याला सवलतीचा लेखी आराखडा मिळावा म्हणून प्रक्रिया सुरू झाली. १९७३ च्या कायद्याच्या ५०४ व्या कलमाखाली मिळतो तो, आणि एकदा मिळाला की माझ्या कागदावरच्या सगळ्या नियमांच्या वर बसतो. जादा वेळ म्हणजे जादा वेळ, मी 'तारखेला सैल' असो वा नसो. माझ्या मर्जीवर चालणारी सवलत आणि त्याचा हक्क यांत फरक आहे. माझ्या जागी उद्या दुसरी बाई आली तरी हक्क राहतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

माली. प्रश्न असा दिला होता: १३२४ साली मनसा मुसा हजला जाताना कैरोत थांबला, त्याचा त्या शहरावर काय परिणाम झाला? साधनं दोन. एक, अल-उमरीचा उतारा: मुसानं इतकं सोनं वाटलं की कैरोत सोन्याचा भाव पडला आणि बारा वर्षं झाली तरी सावरला नाही. दुसरं, १३७५ च्या कॅटलन ॲटलासमधलं चित्र: मुकुट घातलेला राजा हातात सोन्याचा गोळा धरून बसलाय.

एक निबंध इतका गुळगुळीत होता की दोनदा वाचला. त्यात इब्न बतूता मनसा मुसाच्या दरबारात जातो, राजा त्याला सोनं देतो आणि तो राजाच्या दिलदारपणाबद्दल अवतरणचिन्हांत दोन ओळी बोलतो. वाक्यं झकास. अडचण एवढीच की इब्न बतूता मालीत पोचला १३५२ साली आणि मुसा वारला त्याच्या पंधराएक वर्षं आधी.

एआयबद्दल माझा नियम असा: सॉफ्टवेअरनं 'हे यंत्रानं लिहिलंय' म्हटलं म्हणून मी कोणाला चोर ठरवत नाही. तो पुरावा नव्हे. बोलावते आणि विचारते. याला दुपारच्या सुट्टीत बोलावलं.

"इब्न बतूतानं हे म्हटलंय, हे कशावरून?"

गप्प. मग क्रोमबुककडे बोट. "त्यानं सांगितलं."

"त्याला कोणी सांगितलं?"

यावर तो खरंच विचारात पडला. तो घाबरेल असं वाटलं होतं, पण त्याला हा प्रश्न नवीनच होता. घरी कळवलं, कारण तसं कागदावर लिहिलंय. गुण 'पुरावा नाही'. काम पुन्हा, वर्गात, हातानं. इब्न बतूताचा मालीवरचा उतारा त्याच्या हातात ठेवला.

आज तो उड्या मारतच आला. मालीचा राजा होता सुलेमान, मुसाचा भाऊ. इब्न बतूताला वाटलं मानाची वस्त्रं येतील, पैसे येतील. आल्या तीन भाकऱ्या, तळलेल्या गोमांसाचा एक तुकडा आणि भोपळ्यात भरून आंबट दूध. इब्न बतूता हसतच सुटला, असं त्यानंच लिहून ठेवलंय. "म्हणजे यंत्रानं अगदी उलटं सांगितलं!" पोराला कोण आनंद.

मग म्हणाला, "पण अल-उमरीनं तरी कुठे पाहिलं? तोही बारा वर्षांनी लोकांना विचारत होता." पट्टीवर ४ कशाला म्हणतात ते हेच.

जाता जाता त्याला सांगितलं, हाच इब्न बतूता माझ्या मुलखातही येऊन गेलाय. दौलताबादच्या किल्ल्यातले उंदीर मांजरांपेक्षा मोठे असं लिहून गेला. पोरगं दारात थांबलं: "त्यानं पाहिले की कोणी सांगितलं?" म्हटलं, वाच आणि मला सांग.

२० ऑक्टोबर, सोमवार

लक्ष्मीपूजन. मी शाळेत. प्रत्येक तासाला पाच-सहा बाकं रिकामी.

अशा गैरहजेरीला इथे राज्याच्या शिक्षणकायद्यातलं ४८२०५ वं कलम आहे. धार्मिक सणासाठीची रजा त्यात मोडते आणि बुडालेलं काम वाजवी मुदतीत पुरं केलं की पूर्ण गुण द्यायचे. ते मुलीच्या बाजूनं आहे, शिक्षिकेच्या मर्जीवर सोडलेलं नाही. शिवाय या महिन्यात दिवाळीला राज्याच्या सुट्ट्यांच्या यादीत घालणाऱ्या विधेयकावर गव्हर्नरनी सही केली. १ जानेवारी २०२६ पासून लागू. शाळा बंद ठेवायची की नाही हे मात्र डिस्ट्रिक्टनं ठरवायचं.

मालीची चाचणी आज नव्हतीच, मुद्दाम पुढे ठेवली होती. सांगलीकर गृहस्थांची ईमेल सकाळी पाचला आलेली: मुलगी आज येणार नाही, दिवाळीच्या शुभेच्छा, आणि रिटेकचं ते एक पान कधी द्यायचं? म्हणजे रिटेक घेतायत तर. उत्तर लिहिलं: शुभ दीपावली, प्रकरण संपेपर्यंत कधीही.

घरी आले तेव्हा अंधार पडला होता. चकल्या मंडळाच्या विक्रीतल्या, करंज्या आईनं कराडहून पाठवलेल्या.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

पहिली तिमाही संपली. कागदात एक नियम होता ज्याकडे आजवर कोणी लक्ष दिलं नव्हतं: 'गुणांवर हरकत असेल तर ती लेखी, पुराव्यासह, आठवड्याच्या आत.' आज पहिली हरकत आली, आणि गुणांवर नव्हे तर त्या नियमावरच. हिरव्या शर्टाच्या जोडीला पकडणारी तीच मुलगी.

अर्धं पान, मुद्दे क्रमानं. एक: कागदाच्या पहिल्या पानावर लिहिलंय की तारखेपेक्षा पुरावा महत्त्वाचा. दोन: दुसऱ्या पानावर हरकतीला आठवड्याची मुदत आहे. तीन: दोन्ही विधानं एकाच लेखिकेची आहेत आणि एकमेकांशी जुळत नाहीत. चार: शिक्षिकेनं कारण दिलेलं नाही.

तिला सुट्टीत बोलावून कारण सांगितलं. आठवड्यानंतर एखाद्या निबंधाला मी २ का दिले हे मला आठवत नाही. दीडशे निबंध वाचलेले असतात. उशिरा विचारलंस तर मी आठवून सांगेन, पण ते आठवणीतून रचलेलं असेल. माझी साक्ष ताजी असतानाच घे. मुदत वेळेसाठी नाही, पुराव्यासाठी आहे.

तिनं ऐकून घेतलं. "मग हे कागदावर लिहायला हवं होतं. आमच्याकडून तुम्ही कारण मागता." यावर मला बोलायला जागा नव्हती. मुदत तशीच ठेवली आणि खाली कारणाची ओळ घातली. मग बाकीच्या नियमांखालीही घालत बसले. हॉल पासपाशी अडले: एका वेळी एकच मुलगा बाहेर, यामागे दोघं गेले की दंगा करतात यापलीकडे काही कारण सापडलं नाही. तेच लिहिलं.

मुलगी जाताना दारातून म्हणाली की फोनच्या नियमावरही तिचं म्हणणं आहे, पण आधी ती राज्याचा मूळ कायदा वाचून येणार आहे.